फुफ्फुसात गाडी कोण चालवणार?

६ जानेवारी, सोमवार

डायरी लिहिणारी माणसं मला कायम रिकामटेकडी वाटत आली. तरी आज बसलोय. घरात बोलायला माणूस एकच, म्हणजे ही, आणि हिच्याशी या विषयावर फार बोलायचं नाही असं मी ठरवून टाकलंय. बायका उगाच घाबरतात.

तर झालं असं. सप्टेंबरात माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या एका विद्यार्थिनीने गाडी पेट्रोल पंपाच्या भिंतीवर नेऊन घातली. तिचं नाव आम्ही 'वादळ' ठेवलंय. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो मी दाबला म्हणून भिंत वाचली, पण सीटचा पट्टा छातीत असा रुतला की श्वास घेता येईना. बरगडी मोडली का ते बघायला स्कॅन काढलं. बरगड्या शाबूत, पण उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला एक गाठ दिसली. नऊ मिलिमीटरची. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी परत बघू. डिसेंबरात जायचं होतं, पण कामं निघाली. आज गेलो. गाठ आता तेराची झालीय.

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही सिगारेट ओढायचात ना?" म्हटलं, "सोडून जमाना झाला." ते नुसतं "हं" म्हणाले. मला असले 'हं' आवडत नाहीत. परीक्षक नापास करायच्या आधी असंच 'हं' करतात.

आता मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलंय. घरी येऊन हिला म्हटलं, "किरकोळ आहे." माझा पाण्याचा ग्लास भरलेलाच होता, त्यात हिने आणखी पाणी ओतलं. टेबलावर सगळीकडे पाणी. मीच पुसलं.

८ जानेवारी, बुधवार

हॉस्पिटल कसलं, विमानतळच! दारातून शिरल्या शिरल्या रोबोटचं माणसाहून मोठं चित्र, आणि त्याच्या शेजारी एक रिकामी चौकट, तीत उभं राहून फोटो काढायचा. पेशंटला तिथे पेशंट म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. रोबोटला नाव ठेवायची कर्मचाऱ्यांत स्पर्धा झाली म्हणे, त्यात 'श्वासमित्र' पहिला आला.

ही सगळी माहिती मला एका कोटवाल्याने दिली. तो हॉस्पिटलची जाहिरात बघतो. माझा हात त्याने पंप मारल्यासारखा हलवला. "सर, तुम्ही फार लकी! तुम्ही आमच्या श्वासमित्राचे पन्नासावे पाहुणे!"

"माझ्या छातीत गाठ आहे हो," मी म्हटलं.

"तेच तर!" म्हणाला.

मग डॉक्टरबाई भेटल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांची खोली एवढीशी, तिच्यात ना चौकट ना चित्र. त्यांनी नीट समजावलं, हे कबूल करतो. स्कॅनवरून कॉम्प्युटर आपल्या श्वासनलिकांचा नकाशा करतो. आपल्याला पूर्ण भूल देतात. मग पेन्सिलीहून बारीक नळी तोंडातून आत जाते, एका रस्त्याचे दोन, दोनाचे चार, असे फाटे घेत घेत गाठीपाशी पोचते आणि सुईने गाठीतले कण काढून आणते. ती गाठ साधी आहे की कॅन्सरची, हे त्या कणांवरून कळतं. बाहेरून छातीत सुई खुपसण्यापेक्षा यात धोका कमी.

"म्हणजे रोबोट गाडी चालवतो," मी म्हटलं.

"नाही हो काका. तो फक्त नळी धरून ठेवतो, तिला हलू देत नाही. चालवते मी. हे चाक आहे ना, याने."

चाक! मी खुर्चीत पुढे सरकलो. आता विषय माझ्या हद्दीत आला होता. विचारलं, नकाशा आणि रस्ता जुळतात का? म्हणाल्या, नेहमी नाही, भूल दिल्यावर फुफ्फुस जरा आक्रसतं, गाठ जागची सरकलेली असू शकते, म्हणून जवळ पोचल्यावर एक्स-रेवर खात्री करून घेतो. उत्तर बरं होतं. मग मी मुद्द्याचं विचारलं. "आणि तुम्ही चुकलात तर शेजारी ब्रेक कोणाकडे?"

"शेजारी ब्रेक नसतो. चालवणारी मी एकटीच."

"तुम्हाला गाडी येते ना? चार चाकी?"

"नाही. मी टॅक्सीने येते," म्हणाल्या, आणि हसल्या!

सोळा तारीख दिली आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

फोन करून सोळा तारीख रद्द केली.

यात घाबरण्याचा संबंध नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. प्रश्न तत्त्वाचा आहे. ज्या बाईला क्लच म्हणजे काय ते ठाऊक नाही, तिच्या हातात मी माझं फुफ्फुस देऊ? तेही झोपून? उभ्या आयुष्यात मी कोणाला माझ्या पायाखाली ब्रेक नसताना गाडी चालवू दिलेली नाही.

हिला सांगितलं, हॉस्पिटलात गर्दी आहे, त्यांनीच तारीख पुढे ढकलली.

१२ जानेवारी, रविवार

डॉक्टरबाईंचा स्वतःहून फोन. "काका, तारीख का रद्द केलीत?"

मी कारण सांगितलं. पलीकडे बराच वेळ हसणं. मग म्हणाल्या, "घाबरलात का?"

"मी? अहो, माझ्या शेजारी बसून लोकांनी गाड्या नाल्यात घातल्यात. मी कधी डोळे मिटले नाहीत."

"बरं, मग असं करू. मला नाहीतरी गाडी शिकायचीच आहे. सकाळी सकाळी येते, शिकवा. पण तेवीस तारखेला तुम्ही यायचं. ती गाठ तुमच्या-माझ्यासाठी थांबणार नाही."

डोकं तल्लख आहे, शिकायची तयारी आहे. विद्यार्थिनी म्हणून घ्यायला हरकत नाही. तारखेचं मी 'बघू' म्हटलं.

१४ जानेवारी, मंगळवार

पहिला धडा. बाई वेळेवर हजर. सीट पुढे घेतली, आरसा न सांगता लावला. गाडी मात्र चौकापर्यंत पाच-सहा वेळा बंद पाडली. आणि चालवणं इतकं हळू, की वाटावं ही रस्त्यावर नाही, कोणाच्या तरी श्वासनलिकेतच आहे. मागच्या बसवाल्याने आमचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. बाई शांत. हात जराही थरथरत नव्हते.

शेरा: नापास. आत्मविश्वास नको तेवढा आहे.

१८ जानेवारी, शनिवार

आज रिव्हर्स शिकवला. काय सांगू! दोन गाड्यांच्या मधल्या फटीत, नुसतं आरशात बघून, एका झटक्यात गाडी लावली. माझ्या इतक्या वर्षांत असा रिव्हर्स मी फक्त एकाकडून पाहिला, म्हणजे माझ्याकडून. म्हणाल्या, "दिवसभर हेच करते हो सर. पडद्यावर बघायचं आणि हात दुसरीकडे चालवायचे." शिकताना मला 'काका' न म्हणता 'सर' म्हणतात. पद्धत आहे.

मध्येच कोटवाला कॅमेरा घेऊन उगवला. त्याला 'डॉक्टर आणि पाहुणा: एक अनोखं नातं' असा व्हिडिओ करायचा होता. म्हणाला, "सर, जरा भावुक व्हा." मी बाईंना म्हटलं, गिअर टाका. तो फुटपाथवर चढला म्हणून वाचला.

शेरा: नापास. वळणाच्या फार आधी सिग्नल दिला.

१९ जानेवारी, रविवार

आज खटका उडाला.

गाडी तीनदा जागच्या जागी थांबली. मी म्हटलं, "ब्रेक एवढा का दाबता?"

"मी नाही दाबला सर. तुम्ही दाबलात."

"मी? समोर सायकलवाला होता."

"तो पलीकडच्या रस्त्याने गेला. त्याआधी काहीच नव्हतं, आणि त्याच्याही आधी लाल दिवा इतका लांब होता की मला तो अजून दिसायचा होता." मग गाडी बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, मला एक तरी चौक पूर्ण ओलांडू द्या. तुम्ही पायच काढत नाही."

माझ्याच गाडीत, माझ्याच ब्रेकवरून मला ऐकवणं! गाडी नीट तपासली. ब्रेक उत्तम आहे. घरी येऊन हिला झालेला प्रकार सांगितला, पण गाठीचा उल्लेख गाळून. ही म्हणाली, "ती मुलगी हुशार दिसते." नेमकं कशावरून, ते विचारायला हवं होतं.

शेरा: नापास. शिक्षकाशी उद्धट बोलणे.

२१ जानेवारी, मंगळवार

तेवीस तारीखही रद्द केली. 'वादळ'ची टेस्ट त्याच आठवड्यात आहे, तिला वाऱ्यावर कसं सोडायचं?

छातीत आता काही दुखत नाही. तेच तर म्हणतो मी, जे दुखत नाही ते उकरायचं कशाला? सकाळी आंघोळीच्या वेळी उजव्या बाजूला बोटांनी दाबून पाहिलं. काही लागत नाही. तिथे आत काही आहे यावर विश्वासच बसत नाही. तरी चार-पाचदा दाबून पाहिलं.

२२ जानेवारी, बुधवार

फजिती झाली. कोटवाल्याने मोबाइल सोडून घरचा फोन लावला आणि तो हिने उचलला. "मॅडम, पन्नासावे पाहुणे पुन्हा रद्द करतायत हो! डॉक्टर गाडी चालवत नाहीत म्हणे! आमचा बॅनर छापून तयार आहे!"

मी स्कूलमधून आलो तर ही दारातच. "दोनदा?"

"हॉस्पिटलात गर्दी..."

"गर्दी म्हणे! त्या डॉक्टरबाई गाडी चालवत नाहीत म्हणून तुम्ही तपासणी करत नाही?"

मी तत्त्व समजावून सांगायला लागलो. हिने हात वर केला. आमच्याकडे वाहतूक पोलीससुद्धा माझ्यापुढे असा हात करत नाही. म्हणाली, "लेकीला फोन करून सांगू का, की तुझे बाबा डॉक्टरला रिव्हर्स शिकवता शिकवता मरायला तयार आहेत?"

मुलगी परदेशात असते. तिला कशाला त्रास?

मग हिने स्वतःच हॉस्पिटलला फोन लावला, अठ्ठावीस तारीख घेतली आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "हो म्हणा."

मी हो म्हणालो. आमच्या घरात हे असं आजवर झालेलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

बाईंचा शेवटचा धडा. आज मी मुद्दाम पाय मागे घेऊन बसलो, म्हणजे पुन्हा कोणी आरोप करायला नको. दोन चौक ओलांडले. घाम मला फुटला होता, त्यांना नाही.

उतरताना म्हणाल्या, "पास का सर?"

मी म्हटलं, "सिग्नल अजूनही लवकर देता."

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, "काका, तुमच्याकडून मला लायसन्स नको. संमतीपत्रावर तुमची सही हवीय, बस. माझ्या वडिलांनी अशीच तारीख पुढे ढकलली होती. तेव्हा मी शिकत होते, मला त्यांना हो म्हणायला लावता आलं नाही."

मी बॉनेटवरची धूळ पुसली. त्या टॅक्सीने गेल्या.

२९ जानेवारी, बुधवार

काल झालं एकदाचं. घसा अजून बसलेला आहे, म्हणून बोलण्यापेक्षा लिहिणं सोयीचं.

सकाळी दारातच बॅनर: 'श्वासमित्र: ५० यशस्वी!' मी कोटवाल्याला म्हटलं, "अहो, पन्नासावा मी. मी अजून आतही गेलो नाही."

"पॉझिटिव्ह राहायचं सर!" म्हणाला, आणि अभिप्रायाचा कागद पुढे केला. हसऱ्या चेहऱ्यावर खूण करायची. भुलीच्या आधीच भरून घेतात, नंतर पाहुणे गुंगीत असतात म्हणे.

मशीन बघितलं. एवढा गाजावाजा, आणि दिसायला एक खांब, एक हात, दोन पडदे. पडद्यावर माझ्या फुफ्फुसातले रस्ते. पानं झडलेल्या झाडासारखे नुसते फाटे, आणि एका टोकाला गोल खूण. ती मी. म्हणजे ती गाठ. डॉक्टरबाई मास्कमध्ये होत्या, डोळ्यांवरून ओळखल्या. मी म्हटलं, "सिग्नल द्यायला विसरू नका." म्हणाल्या, "आज जितका लवकर द्यायचा तितका देते." मग माझ्या तोंडावरच्या मास्कमधून हवा आली आणि पुढचं काही आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा घशात सुरवंट बसल्यासारखं वाटत होतं. थुंकीत थोडं लाल. बाई म्हणाल्या, हे होतंच, फुफ्फुसातून हवा गळली नाही, एक्स-रे स्वच्छ आहे, सुई नेमकी गाठीत लागली, कणही भरपूर मिळाले. मग हळूच म्हणाल्या, "झोप लागेपर्यंत तुमचा पाय गादीवर दाबलेला होता. नर्सने हाताने सोडवला."

पायात गोळा आला असेल. होतं असं या वयात.

आता खरा प्रकार. संध्याकाळी घरी सोडलं, पण चोवीस तास गाडी चालवायची नाही अशी सक्त ताकीद. मी म्हटलं टॅक्सी बोलावू. ही म्हणाली, "गाडी आणलीय."

"कोणी आणली?"

"मी."

मला वाटलं अजून भूल उतरायची आहे. ही खरंच जाऊन चालकाच्या सीटवर बसली, पट्टा लावला, आरसा सारखा केला. मी शेजारी बसलो आणि पाय आपसूक ब्रेककडे गेला. ही समोर बघत म्हणाली, "पाय वर घ्या."

"काय?"

"मांडी घालून बसा. नाहीतर मी हलणार नाही."

मी, माझ्याच गाडीत, मांडी घालून! गाडी निघाली. एकदाही बंद पडली नाही. पुलाचा चढ, वळण, बाजारातली गर्दी, सगळं ओलांडलं. स्टिअरिंग मात्र वरून धरते. ही खोड मी ओळखतो. सगळ्या शहरात एकच स्कूल असं शिकवतं, आमच्या समोरच्या गल्लीतलं.

"तू त्या चोराकडे शिकलीस? त्याच्याकडे?"

"तुमच्याकडे शिकले असते तर अजून पहिल्या गिअरमध्ये असते," ही म्हणाली.

"पण कधी? आणि का?"

"सप्टेंबरात. तुमची गाठ दिसली त्याच आठवड्यात. कधी एकदम न्यायची वेळ आली तर कोणाच्या तोंडाकडे बघत बसू? पोर तिकडे, आणि गाडी चालवणारा माणूसच आजारी." पुढे लाल दिवा होता. तिने गाडी अगदी रेषेवर थांबवली. "पहिल्याच टेस्टला पास झाले."

त्या चोराकडे जाऊन शिकली, हे मी सहजी विसरणार नाही. पण घर येईपर्यंत मी पाय खाली घेतले नाहीत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे.

शब्द लिहून पाहिला. लिहिता येतो.

हॉस्पिटलात शिरताना कोटवाला धावत आला. त्याला आमच्या आधी कळलं होतं. "अभिनंदन सर! पहिल्याच प्रयत्नात अचूक निदान!" ही त्याच्याकडे अशी बघायला लागली की तो मागच्या मागे चौकटीत गेला, आणि तिथेच उभा राहिला, फोटो काढल्यासारखा.

डॉक्टरबाई त्यांच्या एवढ्याशा खोलीत होत्या. सरळ सांगितलं, आडवळण घेतलं नाही. म्हणाल्या, लहान आहे, एकाच जागी आहे, कुठे पसरलेला दिसत नाही. तेवढा भाग काढून टाकला तर पूर्ण बरं व्हायची आशा चांगली आहे. पण आता काढायचा. मग वरच्या मजल्यावरच्या सर्जनकडे पाठवलं. त्याने डायरी उघडली. "दहा तारीख आहे, नाहीतर मग तीन मार्च. घरी बोलून ठरवा, घाई नाही."

तीन मार्च. ऐकल्या ऐकल्या माझ्या डोक्यात सगळं रांगेने उभं राहिलं. 'वादळ'ची फेरपरीक्षा. गाडीची सर्व्हिसिंग. दोन नवीन विद्यार्थी. प्रत्येक कारण चोख. ही खिडकीबाहेर बघत होती. या वेळी तिने हात वर केला नाही, फोन पुढे केला नाही. नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी विचारलं, "दहाच्या आधी नाही का जमणार?"

सर्जनने चष्म्यावरून पाहिलं, पानं मागे उलटली. म्हणाला, "परवाची एक जागा रिकामी झालीय. दाखल उद्या व्हावं लागेल."

"चालेल," मी म्हटलं. आवाज माझाच होता.

खाली पार्किंगमध्ये ही चालकाच्या सीटवर बसली, किल्ली लावली, आणि फिरवलीच नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून रडायला लागली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या देखत तरी पहिल्यांदा. विद्यार्थी रडले तर मी त्यांना खाली उतरवून चहा पाजतो. हिला काय सांगणार? शेवटी जे होतं तेच सांगितलं.

"मला फार भीती वाटतेय गं."

तिने नाक पुसलं. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"सप्टेंबरपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मलाच नापास केलं असतं."

मला हसू आलं आणि हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता माझंही रडू निघालं. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला. पार्किंगवाल्याने काच वाजवून विचारलं, निघणार का, मागे गाडी थांबलीय. ती म्हणाली, "निघतोय," आणि गाडी सुरू केली.